इगतपुरीच्या थंडीत गाडीने पांढरी वाफ सोडली तेव्हा

नव्वदीच्या दशकातल्या एका डिसेंबरात मी जुनी गाडी विकत घेतली आणि बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "दुसऱ्याचं डबडं उचलून आणलंस," एवढंच काय ते. पण आईच्या गुडघ्यांना एसटीचे हादरे सोसत नव्हते, आणि नाशिकची त्रिरश्मी लेणी बघायची तिची इच्छा माझ्या लहानपणापासून नुसती लांबत होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. बाबाही निघाले, "वाटेत ढकलाया कोनतरी पायजे" म्हणत.

शनिवारी दुपारी भिवंडी सोडली. पडघ्याला चहा, शहापूरला गरम भजी. कसारा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर निमूट चालत राहा, घाई केलीत तर इंजिन तापतं. अंधार पडायच्या आत इगतपुरी गाठली. लॉज स्वस्त आणि स्वच्छ, पांघरुणं मात्र घरून न्या.

गाडी थंड झाल्यावर बाबांनी बादली मागवून रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. साइझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला होता. आग पेटवण्याआधी पाणी बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सकाळीही मी चावी लावण्याआधी त्यांनी झाकण उघडून बघितलं.

गाडी सुरू केली आणि मागून पांढरेशुभ्र लोट! भिवंडीत असं कधीच झालं नव्हतं. समोरचा मेकॅनिक धावत आला.

"ताई, हेड गॅस्केट गेलं. सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. इंजिन खोलावं लागंल, दोन दिवस."

सोमवारी मला ऑफिसात हजर व्हायचं होतं. म्हणजे लेणी हुकली. आई पिशवीचे बंद आवळत बसली. मला रडूच आलं.

"खोलू नको," बाबा मागून म्हणाले. "वाफ हाय ती, धूर न्हाय."

"काका, एवढी पांढरी?"

"बघ की. दोन हातांवर इरतेय. धूर आसता तर रेंगाळला आसता. नळीत रातचं दव हाय, ते तापून भाईर येतंय. आनि पानी रातच्याला भरलं व्हतं तेवढंच हाय, मी सकाळी बघितलंय. गळती आसती तर कमी नसतं झालं?"

मेकॅनिकने तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल स्वच्छ, पाणी मिसळल्यावर येतो तो दुधाळपणा नाही. "दहा मिनिटं चालू ठेवू," तो म्हणाला. आम्ही सगळे थंडीत कुडकुडत सायलेन्सरकडे टक लावून उभे. लोट विरळ झाले, मग थांबलेच.

मेकॅनिक मनापासून हसला. "काका, जिंकलात." त्याने पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

अकराच्या सुमाराला आई लेण्यांच्या पायऱ्या चढत होती, दर वळणावर बसत, पण माझा हात न धरता. वर पोचल्यावर बुद्धमूर्तीसमोर तिने हात जोडले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. खाली गाडी थंड झाल्यावर बाबांनी पुन्हा झाकण काढलं. पाणी जिथल्या तिथे! त्यांनी विजयाने आरोळीच ठोकली.

रात्री जेवणाच्या वेळेला घरी पोचलो. चावी लावण्याआधी पाणी बघायची सवय मला तेव्हापासून लागली, ती आजही सुटलेली नाही. सोमवारी सकाळी गाडी सुरू केली, वाफेचा पत्ता नाही. शेजारच्याने खिडकीतून विचारलं, "काय, त्रास दिला का डबड्यानं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा गरजले, "डबडं कोनाला म्हन्तोस? आमची गाडी हाय ती!"