साखर, गूळ आणि खिशातला कांदा

बोलायच्या आधी ते स्वतःच्या अंगठ्यावर टिचकी मारत. माईक चालू आहे की नाही हे पाहायची सवय हाताला जडली होती, आणि समोर माईक नसला तरी हात ऐकत नसे. भाजीवालीला भाव विचारायचा असो की दारात आलेली गाय हाकलायची असो, आधी टिचकी, मग खाकरणं, मग "हं, तर..." आणि त्यानंतर मूळ मुद्दा. गाय बहुतेक वेळा मुद्द्याच्या आधीच निघून जाई.

वाशीममधल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. नोकरी कारकुनाची झाली, पण गावाला ते माहीत होते सूत्रसंचालक म्हणून. सत्कार, निरोप, उद्घाटन, पुण्यतिथी, काहीही असो, भाऊ पाहुण्यांच्या आधी पोचत आणि मधल्या वेळात पाहुण्यांविषयी असं काही सांगत की ते ऐकून पाहुण्यांनाही नवल वाटे. तुमच्याही गावात असा एक असेलच. "ज्यांच्या कर्तृत्वाचा दरवळ दाही दिशांना पसरला आहे," असं त्यांनी एकदा एका नगरसेवकाबद्दल म्हटलं होतं. दरवळ होता हे खरं. तो त्यांच्या प्रभागातल्या नालीचा होता.

माईकवर ही भाषा, आणि माईक सोडला की, "काहून बे पोट्टेहो, उन्हात कायले बोंबलता?" दोन्ही भाषा एकाच तोंडात सुखाने नांदत.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो. व्यासपीठावर कधी गेलो नाही, त्यामुळे व्यासपीठावरचं सगळं मला हास्यास्पद वाटतं. भाऊंना हे ठाऊक होतं आणि ते मला प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका न चुकता आणून देत.

उन्हाळा हा त्यांचा हंगाम. होळी झाली की चौकाचौकात पाणपोया लागतात. तीन माठ, वर ताडपत्री आणि माठांपेक्षा मोठं बॅनर. फीत कापून झाली, भाषणं झाली, लोक घामाघूम झाले की भाऊ शर्टाच्या खिशातून एक कांदा काढत आणि उंच धरत. "बंधू-भगिनींनो, हा आपला डॉक्टर! फी नाही, नंबर नाही!" टाळ्या पडत. वऱ्हाडात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, भाकरीसोबत खातात, आणि ऊन लागलंच तर त्याचा रस तळपायाला चोळतात. पुरावा विचाराल तर माझ्याकडे नाही. पण मे महिन्यात कांद्याशिवाय घराबाहेर पडायची माझीही छाती होत नाही.

भाऊंच्या शेजारी एक मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आरोही तेव्हा पाचवीत होती. तिने दोन ससे पाळले होते. पांढरीशुभ्र ती साखर, तपकिरी तो गूळ. त्या वर्षी ऐन मे महिन्यात मेडशीला तिच्या मामाचं लग्न निघालं. एसटीच्या पत्र्याच्या डब्यातून ससे नेणं शक्य नव्हतं. भाऊ एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. त्यांच्या मधल्या खोलीत मोठ्या टाकीचा कूलर होता. आरोहीने सरळ पिंजरा तिथे नेला.

भाऊंनी टिचकी मारली. "हं, तर... आज आपल्यामध्ये दोन सन्माननीय पाहुणे..."

"काका, भासन नोका करू," ती म्हणाली. "त्यायले ऊन सहन नाई होत. घाम नाई येत त्यायले. कान गरम लागले का ओलं फडकं लावजा. खायले गवत अन् गाजर. बस."

"तू निर्धास्त जाय बेटा," भाऊ म्हणाले. "आता हे माह्यी जबाबदारी."

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या माणसाने त्या सशांसाठी जे केलं ते मी कुणाला माणसासाठीही करताना फारसं पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सत्कारात मिळालेल्या शाली ओल्या करून पिंजऱ्यावर टाकल्या. दुपारी मला हाक मारून म्हणाले, "ग्रंथपाल, सत्काराची शाल पाणी धरत नाई. नुसती चमकते."

"ऊब तरी धरते का?"

"कोन पाह्यलं बाप्पा? कवा अंगावरच घेतली नाई."

मग त्यांनी शाली काढल्या आणि बारदाना भिजवून टाकला. तो गार राहिला. कड फुटलेला एक माठ आडवा ठेवला. साखर त्यात जाऊन बसे आणि तिची फक्त शेपटी बाहेर दिसे. पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून ते पिंजऱ्यात ठेवत, आणि गूळ त्यांना पोट लावून पसरे. कूलरची हवा कोंडून दमट होऊ नये म्हणून समोरची खिडकी उघडी, आणि खिडकीतून मांजर येऊ नये म्हणून तिला जाळी. दुपारी लाईट गेली की भाऊ बनियनवर फरशीवर आडवे होत आणि निमंत्रणपत्रिकेने पिंजऱ्याला वारा घालत. एकदा मी दारात असताना ते सशांशी बोलत होते. आवाज इतका हळू होता की हा तोच माणूस आहे ना, हे मला दोनदा पाहावं लागलं.

त्यानंतर एका सकाळी ते विळीवर कांदा चिरताना दिसले. अगदी बारीक.

"कोशिंबीर?" मी विचारलं.

"पाहुण्यायसाठी. गाजराच्या किसात कालवून देतो. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत नुसत्या गवतावर जीव कसा तगन?"

मी हसलो. मला त्यात गंमत वाटली, शंका आली नाही. शंका घेणं हा माझा स्वभाव असूनही आली नाही, कारण कांदा ही गोष्ट आमच्याकडे शंकेच्या पलीकडची आहे. गुळाने मात्र घेतली. तो वास घेई, मागे सरे आणि गवताकडे वळे. साखर भाबडी. समोर येईल ते खाई.

लग्नाच्या आदल्या दिवशी साखर माठातून बाहेर आलीच नाही. भाऊंनी तिला उचलून काढलं. कान गरम नव्हते, पण आतून गुलाबी दिसायचे ते पांढरे पडले होते. भाऊंना वाटलं ऊनच लागलं. मग त्यांनी ऊन लागल्यावर आपण करतो ते सगळं केलं. कांदा ठेचला, रस काढला, तिच्या पायांना चोळला. थोडा चमच्याने तोंडात घातला. जीव वाचवायची ती घाई होती.

शेवटी माझ्या स्कूटरवर बसून, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली साखर छातीशी धरून ते गुरांच्या दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी साखरेचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. विचारलं, "खायला काय दिलंत?"

भाऊंनी टिचकी मारली. मला ती टिचकी अजून ऐकू येते. ते जवळजवळ अभिमानाने म्हणाले, "गवत, गाजर, आणि रोज बारीक चिरलेला कांदा. उन्हासाठी. आपला घरगुती उपाय."

बाईंचा हात थांबला. त्यांनी साखरेचा ओठ अलगद खाली केला. मग म्हणाल्या, "भाऊ, कांदा यांना चालत नाही. रक्त मोडतं त्याने. उन्हाने नाही झालं हे."

सलाईन टोचलं. संध्याकाळी साखरेने भाऊंच्या मांडीवर जीव सोडला. गुळाला काही झालं नव्हतं. त्याचा पिंजरा कूलरसमोर गारेगार होता.

आमच्या भागात मे महिन्यात मरणाला कारण शोधावं लागत नाही. ते बाहेर रस्त्यावर तापत पडलेलं असतं. गल्लीतली माणसं आली, पिंजऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "ऊन लागलं असन." कडुनिंबाखाली खड्डा खणताना एकजण म्हणाला, "माणसं पडून राह्यले ह्या उन्हात, सशाचं काय घेऊन बसले!" मीही, डॉक्टरीणबाईंचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेला मी, म्हणालो, "भाऊ, उन्हाचंच सांगा. लहान मुलगी आहे. कशाला?" मला तेव्हा ते शहाणपण वाटलं.

आरोहीच्या वडिलांचा मेडशीहून फोन आला तेव्हा त्यांना कुणीतरी आधीच कळवलेलं होतं. फोन स्पीकरवर होता. मागे बँड वाजत होता. "जाऊ द्या भाऊ," ते ओरडून म्हणत होते, "तुमचा काय दोस? ऊनच तसं हाय. तुमी होते म्हनून एक तरी वाचला! लई उपकार झाले!"

भाऊंनी तोंड उघडलं. बँडचा आवाज वाढला. त्यांनी तोंड मिटलं. फोन कट झाला तेव्हा ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू त्यांना कुणी न केलेल्या कामासाठी व्यासपीठावर बोलावलंय. असे सत्कार त्यांनी आयुष्यभर घडवले होते. आता तसाच त्यांचा झाला होता. ती मंडळी परत येईपर्यंत त्यांनी चूल पेटवली नाही. मी डबा नेला तर झाकण न उघडता परत आला.

मंडळी परत आली ती दुपारच्या गाडीने. आरोहीची आई सरळ भाऊंच्या दारात आली, हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी. "भाऊजी, तुमच्यासाठी." मागे आरोही. डोळे सुजलेले, रडणं वाटेतच संपलेलं. गल्लीतली दोन-चार माणसं सावली धरून उभी होती. मीही होतो.

तिने विचारलं, "काका, कूलर चालू होता न?"

"होता बेटा."

"ओलं फडकं लावलं होतं?"

"होतं."

"मंग काहून मेली?"

भाऊंनी टिचकी मारली. "हं, तर... अत्यंत जड अंतःकरणाने..." एवढं बोलून ते थांबले. आम्ही सगळे त्यांच्या वतीने वाट पाहत होतो की ते 'ऊन' म्हणतील. एक शब्द, दोन अक्षरं, आणि सगळी गल्ली साक्षीला.

"ऊन नाई लागलं तिले," ते म्हणाले. "म्या मारली. कांदा चारला म्या. तू सांगतलं होतं गवत अन् गाजर. मले वाटलं, मले जास्त समजते."

आरोहीने पिंजऱ्यातून गुळाला उचललं आणि त्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. भाऊंच्या देखत घेतला. मग त्याला घेऊन ती घरी गेली. तिचे वडील ओशाळून म्हणाले, "लहान हाय भाऊ, मनावर घेऊ नोका." बुंदीची पिशवी भाऊंच्या हातात तशीच लोंबत होती. आम्ही जो तो आपापल्या घराकडे वळलो आणि वळताना एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर पाणपोईवाले बोलवायला आले तर भाऊंनी हात जोडले. फार आग्रह झाल्यावर म्हणाले, "म्या इतके वर्सं लोकायले सांगतलं, कोनी ऐकलं नाई, म्हनून समदे जिते हाय. एका जीवानं ऐकलं, तो मेला." पाणपोईवाले हसले. त्यांना तो विनोद वाटला. माईक दुसऱ्याच्या हाती गेला. नवा माणूस बरा आहे, पाहुण्यांची नावं चुकवतो.

आरोही वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. ती शाळेत जाताना ते अंगणात असले तर आत जात. तिच्या समोर यायची त्यांना भीती वाटे असं नाही. आपण समोर आल्याने तिला मान वळवावी लागू नये, एवढाच हेतू. गल्लीने मात्र ते प्रकरण कधीच विसरून टाकलं होतं. लाज वाटून घ्यायचं काम आम्ही सगळ्यांनी मिळून एकाच माणसाकडे सोपवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मुलगा येऊन भाऊंना पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप आहे. फोन करतात, तब्येत विचारतात, जास्त बोलत नाहीत.

पण जायच्या आधीचा उन्हाळा मी पाहिलाय. अशीच एक दुपार होती. आरोहीच्या घरचा कूलर बिघडला होता आणि मिस्त्री दोन दिवस नुसता "येतो" म्हणत होता. मी खिडकीत होतो. समोरचं दार उघडलं आणि गुळाला ओढणीत गुंडाळून, अनवाणी पायांनी तापलेला रस्ता पळत ओलांडून ती भाऊंच्या दारात गेली. काय बोलली ऐकू आलं नाही. भाऊ बाजूला सरले. ती आत गेली.

मला राहवलं नाही. थोड्या वेळाने मी गेलो. आरोही जेवायला घरी गेली होती. मधल्या खोलीत कूलर चालू होता. गूळ फरशीवर पसरला होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर भाऊ भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बाजूला वाटीत ती ठेवून गेलेली कोथिंबीर होती. गूळ वाटीकडे सरकायला लागला की भाऊ पायाच्या अंगठ्याने वाटी हळूच मागे सारत. त्यांचं सगळं लक्ष वाटीवर होतं.

आरोही तोंड पुसत परत आली. वाटी पाहून म्हणाली, "काका, कोथमीर चालते त्याले. काहून नाई देल्ली?"

"तू जाताना सांगतलं नाई न," भाऊ म्हणाले. मग त्यांनी मांडीखालचे हात काढले, वाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली. "देऊ?"