पुरातली गाडी आणि दासगावचे काका

मित्रांनो, आज सकाळी जुनी मोटरसायकल घ्यायला दासगावला गेलो होतो. रिकाम्या हाताने घरी आलोय, पण राग मात्र नाय.

मी सुरतला कामाला असतो, चार दिवसांच्या सुट्टीवर आलोय. बाबा उमरठच्या वरच्या वाडीतून रोज दुधाचे कॅन घेऊन पायी उतरतात. गुडघे गेलेत त्यांचे, म्हणून गाडी बघत होतो.

गाडी चकाचक होती. विकणारे काका वयस्कर. सर्व्हिसिंगचं विचारलं तर म्हणाले, "पोरगा बघायचा रे, मला काय म्हायत नाय." मी एक चक्कर मारून आलो आणि पैसे काढले.

काकांनी चावी पुढे केली. "सुरतला नेणार काय?"

"नाय ओ काका, बाबा चालवणार. वाडीतून दूध घेऊन उतरायला."

त्यांनी चावी परत मुठीत घेतली. "मग नको घेऊ. पुरात दोन दिवस पाण्याखाली होती ही. वरून रंग मारलाय. इथं नायतर सुरतला सपाटीला चालते, पण उतारावर तुझ्या बापाला ब्रेक लागला नाय तर?"

"आधी का नाय सांगितलंत?"

"तू विचारलंस काय?"

आमच्या महाडकडे पूर नेहमीचाच, म्हणून जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. बाहेर राहून मी तोच विसरलो. काकांचं गिऱ्हाईक गेलं, तरी चहा पाजूनच सोडलं त्यांनी.

उद्या बाबा पुन्हा पायीच उतरणार. पाण्यात न गेलेली गाडी कुणाकडे हाय काय? असेल तर कळवा. आणि तुमची पाण्यात गेलेली असेल, तर घेणाऱ्याने विचारायची वाट बघू नका.