उत्तर कानात

डावा कान पुढे करायचा, त्याच्यामागे पंजा धरायचा आणि कमरेत जरा वाकायचं. "कानात," ते म्हणायचे. "मोठ्यानं न्हाई. कानात सांगा."

पूर्णा स्टेशनाच्या मागच्या टपरीवर तुम्ही कधी चहा घेतला असेल, तर हे ध्यान तुम्हालाही आठवेल. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, म्हणून आमचे पार्सलकाका. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर त्यांचा प्रश्न यायचा. कधी इतिहासाचा, कधी विज्ञानाचा, कधी कुठल्याशा देशातले लोक सणाला काय खातात याचा. नियम एकच. उत्तर त्यांच्या कानात सांगायचं, म्हणजे मागच्याला स्वतःचं डोकं चालवता येतं. बरोबर असेल तर "पास." चूक असेल तर "पुढच्या गाडीनं या." खरं उत्तर सगळ्यांचं सांगून झाल्यावरच.

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. चुकलेला आकडा माझ्याच्यानं पुढे सोडवत नाही. त्यामुळे आमचं जमायचं आणि वाजायचंही. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, असं त्यांनी एकदा विचारलं. मी कानात म्हणालो, आठ मिनिटं.

"पुढच्या गाडीनं या. हिशेबाचे मानूस ना तुमी? वरचे वीसेक सेकंद कुनाच्या खात्यात टाकले?"

घरी जाऊन मी ताडून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

एकदा प्रश्न होता, ऑक्टोपसला काळजं किती? आमच्या टपरीवाल्यानं समुद्रसुद्धा पाहिलेला नाही, तरी तो कानात "तीन" म्हणाला आणि पास झाला.

"लय हुशार झालास रे," काका म्हणाले.

"हुशार कशाचा, काका? मागच्या आठवड्यात बी तुमी हेच इचारलं, त्याच्या मागच्या आठवड्यात बी हेच."

आम्ही हसलो. काकाही हसले, पण जरा उशिरा.

मग सतरा सप्टेंबर आला. झेंडावंदन आटोपून पोरं घरी निघाली होती. काकांनी विचारलं, आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून कधी मोकळा झाला? हा प्रश्न आमच्याकडे पहिलीतलं लेकरूही सोडवतं. एकोणीसशे अठ्ठेचाळीस, देशानंतर तेरा महिन्यांनी. टपरीवाल्याला मस्करीची लहर आली. तो वाकला आणि कानात काहीतरी पुटपुटला.

"पास," काका म्हणाले आणि घराकडे वळले.

टपरीवाला गाळणी हातात घेऊन तसाच उभा होता. "साहेब, म्या मजाकमधी दोन हजार साल म्हनलो," तो मला म्हणाला. "पास केलं की हो."

कुणाचाच चहा संपला नाही.

दोन दिवसांनी काकूंनी मला दारातच थांबवलं. "भाऊ, सकाळी उठले की डूटीवर निघायलेत. हापिस रुळांच्या पल्याड. म्या हात धरला तर मलाच इचारायलेत, कोन तुमी म्हणून. आन् गाडी काय थांबून इचारती का?"

आम्ही आळीपाळीनं त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. प्रश्न सुरूच होते. आम्ही मात्र आता मस्करी सोडली होती. आठवून आठवून बरोबर उत्तर द्यायचो. ते तपासणार नाहीत, हे ठाऊक होतं म्हणून.

तरी एका रविवारी नजर चुकलीच. काकू अनवाणी पळत आल्या. रुळालगतच्या कॉलनीच्या पडक्या भिंतीतून आम्ही दोघं बाहेर पडलो, तर काका दोन लाईनींच्या मधल्या खडीवर उभे. अलीकडची लाईन मोकळी होती. पलीकडच्या लाईनवर, परभणीच्या अंगानं, मालगाडी येत होती. भोंगा सलग वाजत होता.

"काका, इकडं या!"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. मी एक पाऊल पुढे टाकलं. ते एक पाऊल मागे सरकले. मी थांबलो. काकू नावानं हाक मारत पुढे झाल्या. ते आणखी मागे गेले.

"लांब ऱ्हा! कोन तुमी?" ते ओरडले. त्यांची टाच आता पलीकडच्या रुळाला टेकायला आली होती.

धरायला जावं तर तेच त्यांना गाडीखाली लोटणं होतं. मी काकूंचा दंड घट्ट धरला. भोंग्याच्या वर आवाज जाईल इतक्या जोरात ओरडलो, "काका! ऑक्टोपसला काळजं किती?"

ते थबकले.

मी कमरेत वाकलो. डावा कान पुढे केला, त्याच्यामागे पंजा धरला. मान वळवल्यामुळे ते मला दिसेनात. काकूंचा दंड मी सोडला नाही. "मोठ्यानं न्हाई," मी म्हणालो. "कानात."

खडी वाजली. पुन्हा वाजली. मी मान हलवली नाही. खडीचा आवाज थांबला, पायाखालची जमीन हादरायला लागली आणि माझ्या कानाला गरम श्वास लागला. त्यांच्या पाठीमागून डबे धडधडत चालले होते, त्यामुळे त्यांना तोंड अगदी कानाला लावावं लागलं.

"येत न्हाई मला, भाऊ," ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट धरलं. "पास," मी म्हणालो.

मालगाडी लांबलचक होती. ती सगळी जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो.

पुढे काका घरच्या अंथरुणावर, काकूंचा हात हातात असताना गेले. टपरी आहे, बाकही तोच आहे. कधी कुणी मोबाईलवरचा प्रश्न वाचून दाखवतो आणि एखादा नवखा मोठ्यानं उत्तर सांगायला लागतो. तेव्हा टपरीवाला स्टोव्हची वात बारीक करतो आणि त्याच्याकडे न पाहता म्हणतो, "कानात."