झेंडूवालीची उडी

अमरावती-अकोला एसटीत मी मोबाइलवर बायकांची जागतिक डायव्हिंग स्पर्धा पाहत होते. शेजारची झेंडूवाली वाकून पाहू लागली. फळीवरून पोरगी उसळली की ही स्वतःचं नाक चिमटीत धरायची.

"पाणी कमी उडालं की मार्क जास्त," मी सांगितलं.

"आमच्या विहिरीत जिचं पानी जास्त उडे, तेच जिंके. इथंबी बाईनं आवाज नाही कराचा?"

"पुरुषांनाही हाच नियम आहे."

"त्यायले नवीन असन."

मूर्तिजापूर आलं. टोपली काखेत घेऊन, नाक धरून, शेवटच्या पायरीवरून तिनं धप्पकन उडी मारली. मूठभर झेंडू रस्त्यावर उडाले.

"किती मार्क, ताई?" तिनं खालून विचारलं.

मी खिडकीतून दहाही बोटं दाखवली.