फळ्यावरचा पहिला नियम

आमच्या शनिवारच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की संपतच नाहीत. कसालला हायवेलगतच्या एका हॉलमध्ये मी समुपदेशक म्हणून हा ग्रुप चालवते. ईटिंग डिसऑर्डर असलेली वीस-बावीस वर्षांची मुलं येतात, सोबत घरची माणसं आणि डबे. एकत्र जेवायचं, मग बोलायचं. आजार गंभीर आहे, पण हसायला बंदी नाही!

सगळ्यांना विचारूनच लिहितेय, नावंही बदलली आहेत. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या शैलाताईंना ते मुळीच पटलं नाही. "माझा खरा नाव घाल मां! गिऱ्हाइकांका कळतला कसा?"

*

फळ्यावर पहिला नियम: ‘जेवलास काय?’ असं कुणाला विचारायचं नाही. आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूससुद्धा हेच विचारतो, पण या मुलांना ती परीक्षा वाटते.

नियम आधी कुणी मोडला? मी! लिहिला त्याच संध्याकाळी एका मुलीच्या वडिलांना, रमाकांतदादांना पुढची वेळ कळवायला फोन केला आणि तोंडातून पहिलंच वाक्य, "दादा, जेवलास काय?"

पलीकडून हळूच, "मॅडम, फळो पुसलास काय?"

*

हे रमाकांतदादा देवबागचे, स्वतःची होडी घेऊन मासेमारी करतात. त्यांची तन्वी दोन वर्षं घरच्यांबरोबर जेवायला बसली नव्हती. मध्ये हॉस्पिटलही झालं. ग्रुपमध्येही ती खिडकीपाशी वेगळी बसायची, मी शेजारी असले तर चार घास खायची.

पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "माका दुसरा कायएक नको. एकदा तन्वी माझ्याबरोबर जेवूक बसांदे."

*

एकदा अदलाबदल केली. मुलं आईबाप झाली, आईबाप मुलं. शैलाताईंचा मुलगा ओंकार त्यांची आई झाला आणि सुरू! "खा गो बाय. एकच घास. आजयेच्या नावाचो. आता मावशेच्या नावाचो..."

चौथ्या घासाला शैलाताईंनी ताट सरकवलं. "माका भूक नाय म्हणतंय मां! गप रव!"

मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "मी असा दिवसभर करतंय?"

"नाय," ओंकार म्हणाला, "दुपारी तू बाजारात असतंस."

*

जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही, हा दुसरा नियम. दादांनी हात वर केला. "मॅडम, माशांबद्दल बोललो तर चलात? तो आमचो धंदो."

प्रश्न बरोबर होता. बरीच चर्चा झाली आणि ठरलं, की मासा पाण्यात किंवा जाळ्यात असेपर्यंत बोलायचं, टोपात पडला की गप्प!

दादांनी धोकाच पत्करला नाही. घरी तन्वीच्या खोलीच्या बंद दाराबाहेर ताट घेऊन बसायचे आणि रोज होडीच्या इंजिनाबद्दल बोलायचे. महिन्याभराने तन्वी मला म्हणाली, "मॅडम, आता माका इंजिन खोलूक येता."

दारही अर्धं उघडं राहू लागलं होतं.

*

मागच्या शनिवारी तन्वी एकटीच बसने आली. दादांची होडी उशिरा लागली, ते अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनिशी धावतपळत पोचले. डबा नाही, काही नाही. सगळे जेवत होते. दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. तन्वीकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि तोंड घट्ट मिटलं.

तन्वी खिडकीपासून उठली. आपला डबा त्यांच्यासमोर ठेवला, झाकणात अर्धी भाकरी काढली.

"बाबा, जेवलास काय?"

शैलाताईंनी ‘नियम!’ म्हणायला तोंड उघडलं, ओंकारने त्यावर हात ठेवला.

"नाय गो," दादा म्हणाले.

"मी पण नाय. वायच सरका."