दोन कप चहा

खिडकीचे गज पुसले की फडक्याला सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ लागते, आणि तिच्या वासानं मला तिथलं पंपहाऊस आठवतं.

बबनभैया तिथे एकटेच ड्यूटीला असत. मी कारखान्याच्या ऑफिसात, त्यांची सुपरवायझर. दर तासाला त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. मी उचलायचा नाही, एवढाच आमचा नियम. मे महिन्यातल्या एका दुपारी तो कॉल आलाच नाही. स्कूटी दामटत मी पोचले, तर भैया दारात बसलेले आणि स्टोव्हवर चहा उकळत होता.

"फोन टाकीत पडला ना, दीदी," ते म्हणाले. "मिस कॉल नाही गेला म्हणजे तुम्ही येऊनच राहिल्या असान. म्हून तुमचाबी चहा टाकला."

तेव्हा मला रागच आला होता.

आता मी शहरात, तात्यापाऱ्यातल्या घरूनच काम करते, दिवसभर एकटी. कंपनीचं ॲप दर तासाला विचारतं, "आपण सुरक्षित आहात का?" मी हिरवं बटण दाबते. वीट आलाय त्याचा. आज सकाळपासून दाबलेलंच नाही.

संध्याकाळ होत आली. ॲप विचारून विचारून गप्प झालंय. चहा मी दोन कप टाकलाय.