दादा म्हणायचा, मोड

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्येच होतो. वहिनी एवढंच म्हणाली, "सुटले एकदाचे." आता महिना उलटून गेला. दहाव्याला आलेले लोक त्याच्या हुशारीबद्दल भरभरून बोलले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण माझा हा थोरला भाऊ दुष्ट होता, आणि तेही कुणीतरी लिहायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी परदेशातली नोकरी सोडून त्याने इथे भाड्याच्या गाळ्यात एक जुना अतिनील लेसर आणून बसवला. केसाएवढ्या काचेच्या तंतूसमोर बारीक खाचांची एक पट्टी धरायची आणि तिच्यातून लेसरचे ठोके द्यायचे. तंतूच्या गाभ्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा उठतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश आरशासारखा परत पाठवतात. याला आम्ही ग्रेटिंग म्हणायचो. ते पुलाला चिकटवलं की पूल किती ताणला जातोय, ते परतणाऱ्या प्रकाशावरून कळतं. ठोके चालू असताना तंतू जरासा हलला तरी सगळं फुकट. बिघडलेलं ग्रेटिंग दिसायला चांगल्यासारखंच, म्हणून दादाचा नियम होता, ज्याच्या हातून बिघडलं त्याने ते सगळ्यांसमोर बोटांनी मोडायचं. तो स्क्रीनवरचा आलेख बघायचा आणि मान न वळवता म्हणायचा, "मोड." तिथे मी बायकापोरं असलेल्या माणसांचे डोळे भरलेले पाहिलेत. दादाला ते बघायला आवडायचं.

शोभा नांदगावची, एमएस्सी झालेली, आमच्याकडे कामाला होती. तिचा हात कधी हलला नाही. तिला "मोड" म्हणायची वेळ दादावर आलीच नव्हती, आणि तेच त्याला सलत असावं. तिला बंगळूरच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. येताना स्वतः केलेलं एक ग्रेटिंग आणा म्हणाले. तिने दादाला विचारलं. "कर की," तो गोड आवाजात म्हणाला, "लेसर काय माझ्या एकट्याचा आहे?" तंतू आधी पंधरा दिवस हायड्रोजनच्या दाबाखाली ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो प्रकाश धरतो. तसा तयार तुकडा एकच होता. निघायच्या दिवशी सकाळी तिने काम केलं. आलेखात शिखर इतकं सरळ आणि स्वच्छ उभं राहिलं की मीच हसलो. दादा बराच वेळ बघत राहिला.

"मोड."

"सर, हे चांगलं आलंय."

"मोड म्हटलं ना."

"दादा, अरे नीट बघ," मी म्हणालो, "असं तर तुझंही येत नाही."

"दिसतंय मला," दादा म्हणाला. "म्हणूनच."

मी उठून तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिने मोडलं. इतकी वर्षं तिथे इतरांना मोडताना बघितल्यावर त्या शब्दापुढे बोटं डोक्याला विचारत नसत. दादाने चहा मागवला. शोभाने बंगळूरचं तिकीट रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी नांदगावला गेली ती गेलीच. आजही तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते.

पुढे दादाला कर्करोग झाला आणि शेवटी तो पाठीच्या मणक्यात उतरला. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी मी शोभाचा विषय काढला.

"ती बंगळूरला गेली असती तर इथे काय उरलं असतं?" तो म्हणाला.

"गेलीच ना शेवटी."

"हो..." त्याला धाप लागली होती, तरी तो हसला. "पण रिकाम्या हाताने."

गेल्या आठवड्यात दादाच्या टेबलावरून मी तिला फोन लावला. तो गेल्याचं सांगितलं.

"त्रास झाला का सरांना?"

"खूप. शेवटी औषधंही लागू पडत नव्हती."

"शुद्धीवर होते?"

"शेवटपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. "माझा तास आहे आता."

मला तिचा राग आला नाही. फोन ठेवला आणि दादाच्या खुर्चीत बसून राहिलो. त्याच्या वजनाने ती एका बाजूला कलली आहे. तिच्यात बसणाऱ्याला आपोआप तिरकंच बसावं लागतं.